पुडीच्या कागदावरचं इंग्रजी

पाटोद्याच्या बाजारात घोंगड्या विकणाऱ्या त्या धनगराचं नाव मी कधी विचारलंच नाही. मी शाळामास्तर, इंग्रजी अक्षरं त्याला मीच शिकवली. पुढं किराण्याच्या पुड्यांचे इंग्रजी वर्तमानपत्रांचे कागद मांडीवर सपाट करून तो बातम्या वाचायचा. मडमेची मांजर धुराड्यात अडकली, कुणाचा कुत्रा गडगडाटाला भ्याला.

निजाम सरकारचा गोरा साहेब दौऱ्यावर आला, तेव्हा इंग्रजी बोलायला मी कच्चा, म्हणून विहिरी आटल्याचं सांगायला गावानं त्यालाच पुढं केलं. त्यानं साहेबाच्या कुत्र्याची विचारपूस केली. साहेब खूश होऊन अर्धा तास बोलला आणि निघून गेला.

"अरे, विहिरींचं काय?" मी ओरडलो.

"मास्तर, लई कागद वाचले. इहीर आटल्याची बातमी कवाच आली न्हाई. मग शब्द कुठून आणू?"