मांजरानं मारलेला उंदीर

आमच्या आळीत मेलेल्या उंदराचे दोन प्रकार होते. मारलेला आणि पडलेला. मारलेल्याबद्दल कुणी विचारत नसे. पडलेला म्हणजे भरदिवसा बिळातून बाहेर येऊन, दारू प्याल्यासारख्या झोकांड्या खात माणसांदेखत मरणारा. तो ज्याच्या घरात पडेल त्यानं आळीला सांगायचं. मग सगळ्यांनी घरं सोडून मळ्यात पाचटाची खोपटं घालायची, आणि गाठीचा ताप ओसरेपर्यंत तिथंच राहायचं.

मी तेव्हा पंचविशीत होतो. बेलापुरात गवंड्याच्या हाताखाली काम करायचो. शाळा दुसरीपर्यंत, पण घर स्वतःच्या हातानं बांधलेलं, आणि वर कौलं. आळीत पहिली कौलं माझी. प्लेगात सरकारी माणसं येतात, ऊन आत यावं म्हणून कौलं उतरवतात, असं वडिलांकडून ऐकलं होतं. ते डोक्यात बसलेलं.

एका सकाळी आमच्या चुलीपुढं उंदीर पडला. बायकोनं पाहिला, मीही पाहिला. मी तो शेपटीला धरून उचलला आणि चुलतीच्या भिंतीमागच्या उकिरड्यावर टाकला. चुलती शेजारीच राहायची, मुलगा आणि सुनेबरोबर. नेमकी ती चुलीतली राख टाकायला आली.

"पडला का रं?"

"न्हाई काकी. मांजरानं मारला."

"मग बरं," म्हणाली, आणि वाकून त्याच्यावरच राख टाकली.

घरात आलो तर बायको भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आपल्याकडं मांजर कवा आलं?"

मी तिला गप बस म्हणालो. दोन दिवस ती गप बसली. तिसऱ्या दिवशी आळीत आणखी दोन उंदीर पडले, तशी ती विहिरीवर गेली आणि सगळ्या बायकांना सांगून आली की पहिला आमच्याच घरात पडला होता, मांजराचं खोटं. मी घर सोडणार नाही म्हणून अडून बसलो. तिनं गाठोडं बांधलं. "तुमी कौलं राखा," म्हणाली आणि निघाली. दिवस मावळेपर्यंत आळी रिकामी झाली. मी सगळ्यांत शेवटी गेलो, पण गेलो. कौलं उतरवायला कुणी आलंच नाही.

मळ्यात चौथ्या दिवशी चुलतीला ताप भरला. काखेत गाठ आली. तीन दिवसांत ती गेली.

नंतर टोचायला आलेल्या माणसानं सांगितलं, उंदीर गार पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा त्याला सोडतात आणि जवळच्या ऊबदार अंगावर जातात. त्याला मी विचारलं, वरून राख टाकली तर पिसवा मरतात का? तो म्हणाला, तसं काही सांगता येत नाही. चुलतीला उकिरड्यावरच पिसू चावली की तिच्या घरात, तेही कुणाला सांगता यायचं नाही. पण पहिल्याच दिवशी मी खरं बोललो असतो, तर ती दोन दिवस आधी मळ्यात असती. एवढा हिशेब मला शाळेशिवाय येतो.

तेराव्याला मी लाकडं फोडली, पाणी भरलं. पंगतीला मात्र बसलो नाही. चुलतीचा मुलगा हाताला धरून पंगतीत बसवायला आला. पोट बिघडलंय म्हणालो. बायको तिथंच वाढत होती. तिनं ऐकलं, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुढच्या पानावर भात वाढला.