दसऱ्याला उंच झालेली जीप आणि सावळघाट

मागचा पत्रा मी कापला, वाकवला, वेल्ड केला. हूडचे पाइप मी वाकवले, त्यावरची ताडपत्री घरच्या शिलाई मशिनवर शिवली आणि त्यात तीन सुया मोडल्या. वायरिंग पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत माझं. डिझेल टाकीचं झाकण मी लेथवर काढलं, हँडब्रेकची केबल मी बनवली, बॉनेटच्या बिजागऱ्याही माझ्याच. देवळाली कॅम्पच्या भंगारवाल्याकडून आणली तेव्हा या जीपमध्ये कोंबड्या राहत होत्या. पंचवटीत माझं जळालेल्या पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग भरायचं दुकान आहे. गाडीकाम मला कोणी शिकवलं नाही. बिघडवत बिघडवत शिकलो.

हे सगळं आधी सांगतो, कारण नाशिक-पेठ-सुरगाणा-सापुतारा या सुंदर रस्त्याबद्दल लिहायला बसलोय आणि डोकं अजून तापलेलं आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझा मेहुणा प्रमोद झेंडू आणायला म्हणून जीप घेऊन गेला, तो दसऱ्याच्या सकाळीच परतला. जीप चार बोटं उंच झालेली. चार जाडजूड टायर, बॉनेटला हार आणि काचेवर हायवेच्या एका गॅरेजचा हातभर स्टिकर.

"दाजी, दसऱ्याला घरात काहीतरी नवं पाहिजे ना! माझ्याकडून."

"जुने टायर कुठायत?"

"ते गॅरेजवाल्या दिनेशशेठने बदल्यात घेतले. शॅकलपण."

चाकावरच्या पाट्याचं, म्हणजे लांब पोलादी स्प्रिंगचं, टोक चॅसीला ज्या दोन पट्ट्यांवर लटकतं, त्या पट्ट्या म्हणजे शॅकल. दिनेशशेठने पुढे लांब शॅकल घालून नाक वर केलं होतं. त्याच्या गॅरेजात याला 'रॅली लुक' म्हणतात. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता परत ने. पण सुनंदा, माझी बायको, ताट घेऊन बाहेर आली होती आणि चारही टायरांना हळदकुंकू लागलं होतं.

"अहो, पूजा झाली. सणाच्या दिवशी पूजलेली वस्तू काढतात का कोणी?"

आमच्याकडे याच्यापुढे वाद नसतो. हत्यार, वही, गाडी, एकदा पूजली की पूजली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तर निघायचं होतं. दिनेशशेठ दरवर्षी दसऱ्यानंतर आपल्या गिऱ्हाइकांना जीप घेऊन डोंगरात नेतो. प्रमोदने आमची नावं परस्पर दिली होती.

पेठ नाक्यावरून तीन जीप निघाल्या. पुढे शेठ, मध्ये त्याचं दुसरं गिऱ्हाईक, शेवटी आम्ही तिघं. ज्यांना जायचंय त्यांनी याच दिवसांत जावं. भात पिवळं पडू लागलेलं असतं, उतारांवर नागली म्हणजे नाचणी, मध्येच खुरासणीच्या पिवळ्या फुलांचे पट्टे. रस्ता अरुंद आहे, कडा तुटलेल्या आहेत, समोरून एस.टी. आली की एक चाक मातीत घालावं लागतं. डिझेल नाशिकलाच भरून घ्या.

मला त्या फुलांतलं काही दिसत नव्हतं. सरळ रस्त्यावरही जीप दारू प्यायल्यासारखी हेलकावत होती. चांगल्या गाडीचं स्टिअरिंग वळणानंतर सैल सोडलं की आपोआप सरळ येतं. हे येतच नव्हतं. वळवलं की वळलेलंच, ओढून आणावं लागायचं.

सावळघाटातल्या एका उलट्या वळणावर मी पूर्ण डावीकडे स्टिअरिंग कापलं आणि खालून खर्रकन आवाज आला. टायर पाट्याला घासून अडकला होता. जोर लावून सोडवला, तर जीप सरळ व्हायचं नाव घेईना, दरीकडच्या कठड्याकडे निघाली. समोरून ट्रक. मी अख्ख्या अंगाने स्टिअरिंगवर लोंबकळलो. कठडा सुनंदाच्या खिडकीपासून वीतभर राहिला.

पुढच्या मोकळ्या जागेत शेठ थांबला होता. हसत म्हणाला, "भाऊ, नव्या उंचीवर हात बसायला वेळ लागतो."

"शेठ, स्टॉपर बोल्ट कुठे गेले?"

"काढले. वळण जास्त मिळतं ना!"

चाक किती वळावं याची हद्द ठरवणारे ते बोल्ट. या माणसाने ते काढून टाकले, वर जाड टायर घातले आणि आम्हाला घाटात आणलं! मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही.

करंजाळीला पोचलो. सुनंदा उतरली, टायरच्या आतल्या बाजूला रबराची निघालेली सालपटं तिने पाहिली.

"काढा ते."

"पूजा झालीय ना?"

"पूजा मी केली, मीच सांगते. आधी काढा."

काढून घालणार काय? जुनं सगळं शेठच्या गॅरेजात. शेठ म्हणाला, "कशाला त्रास? टोचन लावतो, माझ्या मागे या." माझी जीप, दोराने बांधून, त्याच्या गाडीच्या मागे, गावोगाव! मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.

रस्त्यालगत चिंतामणचं नांगर-वखर सांधायचं दुकान होतं. लाइट गेलेली.

"दुपारनंतर येल. कानस हाय, घासायचं तर घासा," तो म्हणाला. मग जीपभोवती एक फेरी मारून, "एवढी उंच कशापायी केली? आमचा रस्ता तर खालीच हाय."

सुनंदा त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

ज्यांनी अशीच जीप उंच करून घेतली आहे, त्यांनी आता नीट वाचावं. एका नटाला दोरा बांधून मी ओळंबा केला. किराणा दुकानातून कंपासपेटी आणवली आणि कोनमापक किंगपिनला लावला. किंगपिन म्हणजे चाक ज्याच्यावर वळतं तो खुंटा. त्याचा माथा तीन अंश मागे झुकलेला हवा. माझा एक अंश पुढे गेला होता. म्हणजे हवी चार अंशांची लोखंडी पाचर. लांबी शंभर मिलिमीटर, रुंदी पाट्याएवढी, एका टोकाला जाडी नऊ, दुसऱ्या टोकाला दोन. माझ्या जीपला ऍक्सल पाट्याच्या वर बसतो. तो आणि पाटा यांच्यामध्ये ती घालायची, जाड टोक पुढे. पाट्याच्या मधोमध असलेल्या सेंटर बोल्टचं डोकं पाचरीतून वर येऊन ऍक्सलच्या खाचेत बसलंच पाहिजे. नसेल बसत तर उंच डोक्याचा बोल्ट घ्या, अंदाजाने आवळू नका. पन्नास किलोमीटरवर ऍक्सल आणि पाटा बांधणारे यू-बोल्ट पुन्हा आवळा. स्टॉपरसाठी साधा बोल्ट आणि लॉकनट चालतो. पूर्ण वळवल्यावर टायर आणि पाटा यांच्यात एक बोट फिरलं पाहिजे.

दोन पाचरी मी हाताने घासल्या. प्रमोद कानस धरायला आला, मी दिली नाही. नंतर दिली. त्याच्या तळव्याला फोड आले तेव्हा माझा राग थोडा उतरला. चिंतामणच्या घरून नागलीची भाकर, उडदाची आमटी आणि ठेचा आला. त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत, पट्टी, बोल्ट आणि हत्यारांचे साठ घेतले.

मग जीप काढली. पहिल्याच वळणानंतर हात सैल सोडले आणि स्टिअरिंग हातांतून फिरत आपसूक सरळ आलं. सुनंदाने मी न सांगता पाहिलं आणि मुठीत धरलेला पदर सोडला. फक्त आता स्टॉपरमुळे वळणं थोडी मोठी घ्यावी लागत होती. एका ठिकाणी मागे घेऊन पुन्हा वळवलं. चालतं. बाऱ्हे, सुरगाणा, हातगड, सगळं त्या संध्याकाळी मला दिसलं. सापुताऱ्याला साधी खोली साडेतीनशेला मिळाली. पुढे गेलेला शेठ वाटेत थांबत थांबत आमच्याही नंतर आला. उतरताना दोन्ही खांदे चोळत होता, त्याच्याही जीपला तेच शॅकल होते.

वणीमार्गे घरी आलो. काय राहिलं? हातगडच्या उतारावरचं ऊन राहिलं, नागलीची चव राहिली. प्रमोदशी बोलतो, पण किल्ली देत नाही. राग राहिलाच आहे, कारण तशाच जीप अजून घाट चढतायत. त्यांचे मालक हात बसायची वाट बघतायत.

आठवड्याने शेठ दुकानात आला. चहा संपेपर्यंत कोनमापकाबद्दल विचारत राहिला, मग मुद्द्यावर आला. मी पाचरीचं माप त्याला द्यायचं, त्याच्या गिऱ्हाइकांच्या जीपना ती तो सर्व्हिसिंगच्या वेळी गुपचूप बसवणार, आणि मी हे माप कुठेही, कुणालाही, लिहून सांगायचं नाही. मी नाही म्हटलं. देत होता चाळीस हजार, रोख.