घोट्याची पकड

"हा इतिहास नव्हे, बाई, हा खेळ आहे," असं म्हणून सरांनी माझा अर्ज टेबलावरून परत माझ्याकडे सरकवला. एम.ए. होऊन मी प्रबंधाच्या तयारीला लागले होते, आणि मला लिहायचं होतं गिरणगावातल्या बायकांच्या हुतूतूवर. सरांना पेशव्यांचा सरंजाम चालला असता. पण जुनी वर्तमानपत्रं चाळताना मला परळ-लालबागच्या मुलींच्या सामन्यांच्या चिमुकल्या बातम्या सापडल्या होत्या, खेळणाऱ्यांच्या नावांसकट. काही वर्षं नावं दिसत, मग एकेक करून गडप होत. कुठे गेल्या या पोरी? मला झोप लागेना. सर सज्जन होते, पण हट्टीही. शेवटी म्हणाले, "यातली एक जरी माझ्यासमोर आणून उभी केलीत तर सही करतो. दिवाळीपर्यंत. नाहीतर सरंजाम!"

मी गिरगावच्या चाळीत गुडघे फोडून घेत वाढलेली. मला वाटलं, हे तर हातचं काम. नावं पाठ केली आणि लालबागच्या चाळी पालथ्या घातल्या. प्रत्येक दारात तेच उत्तर, "ह्या नावाची हंय कोण नाय." आठवडे गेले, चपला झिजल्या, आणि एका लग्नात नवरदेव ताम्हनातल्या तांदळांवर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहीत होता ते बघून मी जागच्या जागी कपाळावर हात मारला. अहो, या बायकांची आडनावंच काय, हाकेची नावंसुद्धा लग्नात पुसली गेली होती! मी विचारत होते ती बाई कदाचित त्याच खोलीत भाकऱ्या थापत असेल, पण दाराशी आलेल्या दिराला ते नाव कुठून माहीत असणार? काखेत कळसा नि गावाला वळसा. आता माहेरचं नाव प्रत्येकीला सासरच्या माणसांसमोर विचारायचं तरी कसं?

दिवाळी तोंडावर आली आणि संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला. अभ्यास गेला खड्ड्यात म्हणून मीही लालबागला जाऊन बायकांच्या रांगेत शिरले. घोषणांनी छाती नुसती भरून आली होती. नाक्यावर पोलीस आडवे आले. एका हवालदाराने फलक धरलेल्या पोरीचं मनगट पकडलं आणि तिला ओढायला लागला.

तेवढ्यात माझ्या शेजारची एक नऊवारीतली बाई खाली बसली. पुढे झेपावून तिने दोन्ही पंज्यांनी हवालदाराचा घोटा धरला, डोकं त्याच्या नडगीला टेकवलं आणि मागे हिसडा दिला. मागच्या दोघींनी न सांगता हाताची साखळी केली. हवालदार रस्त्यावर बसला, टोपी एकीकडे, काठी दुसरीकडे, आणि पोरगी पसार!

"बाद!" मी ओरडले. मला राहवेचना. ती कोपऱ्यातल्या खेळाडूची पकड होती, अस्सल, वर्षानुवर्षं घोटलेली. मोर्चा पुढे सरकला तशी मी त्या बाईचा दंड धरला आणि धापा टाकत विचारलं, "वहिनी, तुम्ही हुतूतू खेळायचात! माहेरचं नाव काय तुमचं?"

तिचा चेहरा पडला. तिच्या पलीकडे, एका फलकाची काठी धरून, तिची सासू चालत होती. पण आता लपवायचं उरलं होतं काय? बाई खाली बघत एक नाव पुटपुटली. माझ्याकडच्या बातम्यांत ते नाव सगळ्यात जास्त वेळा होतं.

"काय गो," सासू म्हणाली, "हुतूतू खेळायचंस? आणि इतकी वर्सां बोललंस नाय?"

"तुम्ही रागावला असता."

"रागावलंय असतंयच," सासू म्हणाली. मग तिने मागे वळून हवालदाराकडे बघितलं. तो अजून टोपी झटकत होता. तिला असं हसू फुटलं की फलक कलला.

दुसऱ्याच आठवड्यात दोघी माटुंग्याला कॉलेजात आल्या, इस्त्रीची लुगडी नेसून. सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "या खेळत होत्या याला पुरावा काय?" मी तोंड उघडायच्या आत सासू म्हणाली, "हवालदारांक इचारा." सर हसले. मग मात्र ते तासभर प्रश्न विचारत राहिले, आणि सून सांगत राहिली: लुगड्याचा काचा कसा कसायचा, बापाने पायताण कसं उगारलं, बघायला आलेले टवाळ सामना संपेपर्यंत कसे गप्प झाले. सरांनी सही केली. पुढे सगळा जन्म मी याच कामात घालवला, पण त्या दुपारची सर पुन्हा कशालाच आली नाही.

निघताना मी तिला जरा बाजूला घेऊन विचारलं, "प्रबंधात नाव कुठलं घालू? घरी अडचण होणार असेल तर सासरचं घालते."

तिने आवाज अजिबात खाली आणला नाही. सासूला ऐकू जाईल असं म्हणाली, "माहेरचं घाला. सासरच्या नावानं मी एकही दिवस खेळले नाय."