साडूंचा मंगळवारचा वर्ग

गणित न येणारा माणूस देवाने अजून जन्मालाच घातलेला नाही, अशी आमच्या साडूंची ठाम श्रद्धा आहे, आणि त्या श्रद्धेपायी त्यांनी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या मराठी मंडळींना जेवढा ताप दिला आहे तेवढा इथल्या पावसानेही दिलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नातंच असं की धड भांडता येत नाही आणि धड टाळताही येत नाही. दिवसा ते बंदराकडच्या एका औषध कारखान्यात इंजिनिअर असतात. पण ते पोटासाठी. त्यांना व्हायचं होतं गणिताचे मास्तर. "मास्तर होऊन उपाशी मरायचंय का?" असं म्हणून वडिलांनी त्यांना सांगलीला इंजिनिअरिंगला घातलं, आणि असं म्हणणारे वडील स्वतः मास्तर होते, त्यामुळे बोलायची सोयच उरली नाही.

हे राहून गेलेलं मास्तरपण मग कुठूनही बाहेर पडतं. कुणाच्या मुलाचा वाढदिवस असला की केकची सुरी साडूंच्या हाती लागू नये म्हणून आयांची धावपळ सुरू होते. एकदा लागली. साडूंनी केकभोवती जमलेल्या सगळ्या पोरांना विचारलं, "मला सांगा, प्रत्येकाला सारखा तुकडा द्यायचा तर कोन केवढा ठेवू?" उत्तर आल्याशिवाय सुरी खाली येईना. शेवटी उत्सवमूर्तीने रडवेल्या आवाजात, अस्सल कॉर्कच्या हेलात सांगितलं, "अंकल, जस्ट कट इट, लाईक!" पावसाचा अंदाज, बस वेळेवर येण्याची शक्यता, पोळ्यांचा व्यास, कशातूनही ते गणित काढतात. आमची ताई, म्हणजे त्यांची बायको, ह्यावर फारसं बोलत नाही. एकदाच म्हणाली, "मला बघायला आले तेव्हा स्वयंपाक येतो का हे विचारलंच नाही हो. अठ्ठावीसचा पाढा म्हणा म्हणाले. मीही मूर्ख, अठ्ठावीसचा म्हणून वर एकोणतीसचाही म्हणून दाखवला. तेव्हाच गप्प बसले असते तर सुटले असते."

अशा माणसाला गावातल्या कम्युनिटी कॉलेजने संध्याकाळचा गणिताचा वर्ग दिला, म्हणजे आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन. ह्या कॉलेजात गिटार, फुलांची सजावट, खुर्च्यांना कापड चढवणं अशा शिकवण्यांच्या सोबतीने गणिताचेही दोन-तीन अभ्यासक्रम असतात; शाळेत ज्यांचं गणित हुकलं अशा मोठ्या माणसांसाठी. अभ्यासक्रमांचं माहितीपत्रक साडू दिवाळी अंकासारखं वाचत आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमध्ये, डाळींच्या डब्यांमागे जपून ठेवत. मंगळवारी संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात खडू घेऊन निघत. कॉलेजात फळे केव्हाच पांढरे झाले होते आणि खडूचा काही उपयोग नव्हता, पण खिशात खडू नसला की त्यांना आपण मास्तर आहोत असं वाटत नसे.

त्यांची शिकवण्याची एक खास तऱ्हा होती. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला अपूर्णांक जड जातात कारण त्याच्याकडे त्यांना हाक मारायला नावंच नाहीत, असं त्यांचं मत. "आपल्याकडे पाव, सव्वा, दीड, अडीच ही घरातली माणसं आहेत. ह्यांच्याकडे ती पाहुणे म्हणून येतात," असं ते म्हणत. म्हणून पहिल्याच तासाला ते सगळ्यांना हे शब्द शिकवत. कॉर्कच्या भर बाजारात एका प्लंबरने त्यांना "सर, दीड!" अशी आरोळी मारून हात हलवल्याचं मी स्वतः पाहिलेलं आहे. साडूंना त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

मग २०२० साल उजाडलं आणि सगळंच बंद झालं. शरद ऋतूत कॉलेजने कळवलं की वर्ग ऑनलाइन होतील, पण ठरावीक संख्या भरली तरच. प्लंबर आला नाही, जुनेही कुणी आले नाहीत. नावनोंदणी केली एकट्या नोरीनने. ही नोरीन एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायची. पन्नाशी गाठलेली, पोरं मोठी झालेली, आणि आता बाईला नर्स व्हायचं होतं. त्यासाठी गणिताची परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र लागणार होतं, आणि शाळेत असताना ती गणितालाच घाबरून शाळा सोडून गेली होती. ही गोष्ट तिने साडूंना फोनवर सांगितली आणि शेवटी विचारलं, "वर्ग होईल ना?"

"होणार म्हणजे काय! होणारच!" असं साडूंनी सांगून टाकलं, आणि फोन ठेवल्या ठेवल्या मला लावला. "अहो, तुम्ही गणित शिकायला येताय. आमच्या मेहुणीबाईही येताहेत. नाही म्हणू नका, एका बाईच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

अशी भरती सुरू झाली. आठवड्याभरात 'गणित: पहिली पायरी' ह्या वर्गाला चिप बनवणाऱ्या कारखान्यातले एक पीएच.डी. गृहस्थ, पुण्याच्या दोन सॉफ्टवेअर इंजिनिअर बायका, एक संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेला नागपूरकर, माझी बायको आणि ताई अशी थोर विद्वान मंडळी दाखल झाली. त्या सगळ्यांत गणित खरोखर कच्चं असलेला असा मी एकटाच. पहिल्या तासाला साडूंनी पाव म्हणजे काय ते समजावून सांगितलं आणि पीएच.डी. गृहस्थ मान डोलवत ऐकत राहिले. ते पाहून ताईने व्हिडिओ बंद केला. तिला हसू आवरेना.

साडूंनी आम्हाला वेगळं बजावून ठेवलं होतं: "उत्तरं भराभरा देऊ नका. गृहपाठात चुका. बऱ्यापैकी चुका. तिला एकटं वाटता कामा नये." आता इथेच सगळं फिसकटलं. मराठी मध्यमवर्गीय माणसाला तुम्ही उपाशी राहा म्हणा, राहील. पण गणितात मुद्दाम कमी मार्क घे म्हणा, ते काही त्याला जमायचं नाही. पहिल्या गृहपाठाला सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे चुका केल्या. दुसऱ्या वेळी पीएच.डी. गृहस्थांनी एकही केली नाही. "हात वळेना हो," म्हणाले. त्यांना पैकीच्या पैकी मिळाले हे कळल्यावर नागपूरकराने दम धरला नाही, आणि मग पुण्याच्या बायका कशाला मागे राहतील? माझी बायको तर सरळ म्हणाली, "भाऊजींचं सगळं खरं, पण मी उभ्या जन्मात गणितात कमी पडले नाही, ती आता कॉर्कमध्ये येऊन पडू?" एवढ्यावर ती थांबली असती तर ठीक. घराण्याची लाज जायला नको म्हणून तिने माझाही गृहपाठ सोडवून दिला.

कॉलेजच्या पद्धतीप्रमाणे गुण नावं न घालता सगळ्यांना एकत्र दिसायचे. मंगळवारी पडद्यावर गुणांची रांग आली. सगळीकडे पैकीच्या पैकी, आणि खाली एका ठिकाणी निम्म्याहून कमी. ते कुणाचे हे नाव न घालताही वर्गातल्या एकीला कळत होतं. नोरीन "ग्रँड, ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक आहे', एवढं म्हणाली आणि तिची चौकट काळी झाली. पुढच्या मंगळवारी ती आली नाही. फोन उचलला नाही. तिने कॉलेजला कळवलं होतं की आपलं डोकं ह्यासाठी नाही, नाव काढून टाका.

साडूंचा चेहरा मी त्या आठवड्यात पाहिला. चिडले असते तर बरं झालं असतं. ते कुणालाच काही म्हणाले नाहीत, पीएच.डी.वाल्यांनासुद्धा नाही. "मी तिला होईल म्हणून सांगितलं होतं हो," एवढंच माझ्याकडे पाहून म्हणाले.

तेव्हा घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती. साडूंनी नकाशावर कंपासने वर्तुळ काढून ते फ्रिजवर लावलं होतं. नोरीनचं घर बरोबर परिघावर पडत होतं. "परीघ आत धरायचा की बाहेर?" असा वाद त्यांनी स्वतःशीच घातला, आत धरायचा असं ठरवलं, आणि आम्ही दोघं एकमेकांत अंतर ठेवून चालत निघालो. ती दार उघडून पायरीवर उभी राहिली, आम्ही फाटकाबाहेर. साडूंनी काहीएक पाल्हाळ न लावता सांगून टाकलं. वर्गातली सगळी माणसं माझी नातलग आणि मित्र आहेत, सगळी शिकलेली आहेत, वर्ग भरावा म्हणून मी बसवली. खरी विद्यार्थिनी तू एकटीच.

नोरीन भडकली. भडकायलाच हवी होती. "म्हणजे माझं हसं केलंत तुम्ही सगळ्यांनी! मी घरी येऊन रडत होते, आणि तुम्ही नाटक करत होतात?" ती बरंच बोलली. साडू खाली मान घालून ऐकत राहिले. ती थांबल्यावर म्हणाले, "तुझा गृहपाठ मी पुन्हा पाहिला. उत्तरं चुकलीत, पण पायऱ्या बऱ्याचशा बरोबर आहेत. माणूस पायऱ्या चढतो म्हणजे त्याला चढता येतं. मंगळवारी मी इथेच येईन. तू बाहेर यायचं की नाही ते तू बघ."

कॉलेजलाही त्यांनी सगळं खरं कळवलं. वर्ग अर्थातच बंद झाला, पण नोरीनला मे महिन्यात परीक्षेला बसू देऊ एवढं कॉलेजने मान्य केलं. पहिल्या मंगळवारी ती बाहेर आली नाही. साडू माकडटोपी घालून, गाडीच्या डिकीवर पांढरा फळा टेकवून उभे राहिले आणि रिकाम्या पायरीला अपूर्णांकांची बेरीज शिकवून परत आले. दुसऱ्या मंगळवारी पडदा हलला. तिसऱ्या मंगळवारी ती गोधडीएवढी शाल गुंडाळून, स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन दारात बसली. आणि मग तो वर्ग हिवाळाभर चालला. पाऊस आला की फळ्यावरचं ओघळून जायचं, साडू पुन्हा लिहायचे. शेजारचे एक आजोबा कुंपणापलीकडून चुकीची उत्तरं ओरडून द्यायचे. नोरीनला त्यांचा फार आधार वाटायचा, कारण आपल्याहून जास्त चुकणारा कुणीतरी तिला प्रथमच भेटला होता.

फेब्रुवारीत एकदा ती बाहेर आली ती वही न घेताच. तिच्या वृद्धाश्रमात त्या आठवड्यात कोरोनाने माणसं गेली होती. तिच्या हातचं सूप रोज पिणारी. "आज नको," म्हणाली. आमच्या साडूंना धीर देणं मुळीच जमत नाही. ते "बरं" म्हणाले, फळा गाडीत ठेवला आणि वर्गाची वेळ संपेपर्यंत फाटकाशी नुसते उभे राहिले. तीही खुर्चीत बसून राहिली.

मे महिन्यात परीक्षा झाली. निकाल लागला त्या दिवशी साडूंनी कारखान्यातून रजा घेतली होती, आणि ताई म्हणते की स्वतःच्या इंजिनिअरिंगच्या निकालालाही हा माणूस इतका घाबरला नसेल. नोरीन पास झाली. डब्लिनला नर्सिंगला प्रवेश मिळाला. सप्टेंबरात जायच्या आधी ती सोडा घालून केलेला घरचा पाव घेऊन साडूंकडे आली. आम्हीही होतो. ती म्हणाली, "शाळेत बाई मला मागे बसवायच्या आणि म्हणायच्या, तू नुसती गप्प बस म्हणजे झालं. तू मला एकदाही गप्प बस म्हणाला नाहीस." साडू पावाकडे पाहत म्हणाले, "पहिल्या वर्षी औषधाच्या मात्रेचं गणित असतं. अडलं तर फोन कर. मंगळवारी मी मोकळाच असतो."

"करीन की," ती म्हणाली.

कॉलेजच्या नव्या माहितीपत्रकात त्यांचा वर्ग नव्हता. गिटार होती, फुलांची सजावट होती. दिवाळीच्या सुमारास आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो, तो नेमका मंगळवार होता. श्रीखंड वाढता वाढता साडूंनी मला हळूच विचारलं, "डब्लिनला नेटवर्क बरं असतं ना हो?"

मी म्हटलं, "उत्तम असतं. अहो, तिचं तिला सुटत असणार सगळं. म्हणून फोन नाही."

"तेच तर म्हणतो मी," साडू म्हणाले. "येत असणार तिला. आलंच पाहिजे." त्यांचा आवाज आनंदाचाच होता, आणि तरी त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. त्यांनी फोन पालथा घातला, एक पुरी खाल्ली, आणि पुन्हा सुलटा करून ताटाशेजारी ठेवला.