बातमीच्या शेवटच्या दोन ओळी

कात लागलेल्या ओल्या पेपरचा वास आला की मला सोनपेठच्या घरातली ती दुपार आठवते. मी नुकती मॅट्रिक झाले होते. मला बघायला आलेले पाहुणे दार अडवून बसले होते. मुलाच्या वडिलांनी पानसुपारीखालचा पेपर ओढून माझ्यापुढं टाकला. “पोरगी शिकलेली हाय म्हणता, वाचू द्या की जरा.” दिसली ती बातमी मी वाचू लागले. समुद्रातल्या एका चिमुकल्या देशानं विमान कंपनी काढली होती. आधी एकच विमान, तेही भाड्याचं. मग स्वतःचं आलं, आणि आता ते दूरदूरच्या देशांत उतरत होतं. “बास, येतंय वाचाय,” पाहुणे म्हणाले. मी वाचतच राहिले. थांबले की सुपारी फुटणार आणि लग्न पक्कं होणार, हे मला कळत होतं. शेवटी माझे वडील दबक्या आवाजात म्हणाले, “बास कर, माय. लय झालं.” शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. मी पेपरची घडी घातली. त्याच घडीवर सुपारी फुटली. आता नातवंडं आहेत, तरी घरात कुणी ‘बास’ म्हटलं की हातात असेल त्याची मी घडी घालते.