माझा नंबर आला की मी स्वयंपाकघरात

दर शुक्रवारी संध्याकाळी स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये घरप्रार्थना असायची. सतरंजीवर सगळे गोल बसायचे आणि एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. नंबर माझ्याजवळ सरकत आला की मला हटकून चहाची आठवण व्हायची. शेजारची "आमेन" म्हणेपर्यंत मी ओट्यापाशी. दूध उतू जाईल म्हणून धावल्यासारखी धावायचे, आणि दूध अजून फ्रिजमध्येच असायचं.

छत्तीसगड तेव्हा नवं नवं राज्य झालं होतं आणि मी चांगली चाळिशीची, दोन पोरांची आई. चर्चमध्ये गाणी म्हणताना सगळ्यांत वरचा आवाज माझा. पण प्रार्थना? छे! देव खरंच ऐकतो का, हे आधी पक्कं होऊ दे, मग बोलू. जसा काही देवानं अर्ज केला होता आणि बाईसाहेबांची सही तेवढी बाकी होती.

सासूबाईंना माझी चहाची घाई बरोबर समजायची. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "समदं समजल्यावर विश्वास ठेवीन म्हणतं तू. लग्न काय समदं समजल्यावर केलं होतं? माह्या पोराचं घोरणं माहीत होतं तुले?"

नव्हतं माहीत. पण हरायचं नाही म्हणून मी मेथी जोरजोरात खुडली.

मग एका दुपारी भिंतीपलीकडची शेजारीण आली. तिचे मालक प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर, गाव भंडाऱ्याकडचं, देव्हाऱ्यात गणपती-बालाजी. हातात कपड्यांची पिशवी. संध्याकाळी तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं.

"वहिनी, तुमच्याकडचे लोकं शुक्रवारी देवाशी बोलते, मले भिंतीतून आयकू येते. माह्यासाठीबी बोला न जी."

"सासूबाई बाजारात गेल्यात, येतीलच."

"मले आत्ता भरती व्हायचं हाय. मालक ड्यूटीवरून सरळ तिकडंच येतीन. तुम्हीच बोला."

"बसा, आधी चहा टाकते."

"पाणीबी प्यायचं नाही म्हणते डॉक्टर."

झालं! पळायची वाटच बंद. तिनं डोळे मिटले, हात जोडले. मी घसा साफ केला. वर्षानुवर्षं ऐकलेली सुंदर सुंदर वाक्यं ऐन वेळी कुठं गेली कोण जाणे.

"प्रभू," मी म्हटलं, "तू ऐकतोस की नाही, मला नक्की माहीत नाही..."

तिनं एक डोळा उघडला. "असं म्हणते का वहिनी? मंग दर शुक्रवारी इतके लोकं कोणाशी बोलून राहते?"

मला हसू फुटलं. तीही हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी तिचे हात धरले. "प्रभू, ही फार घाबरली आहे. मीपण. हिला एकटं सोडू नको."

"हे बरोबर सांगितलं," ती डोळे पुसत म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

आता सांगा, देवाला म्हणायचं एकटं सोडू नको, आणि आपण मेथी निवडत बसायचं? मी सासूबाईंसाठी किल्ली समोरच्या घरी दिली, पायात चपला सरकवल्या आणि रिक्षात तिच्याशेजारी बसले. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसून प्रार्थना करत राहिले. तिचे मालक आले, तरी मी थांबले नाही. शंका मनात होतीच, पण त्या दिवशी शंकेकडे बघायला फुरसत कोणाला होती?

शेजारीण बरी झाली. तिनं डॉक्टरचे आभार मानले, बालाजीला नारळ फोडला आणि वर सगळ्या गल्लीत सांगत सुटली, "वहिनी देवाशी बोलते, अन् खोटं नाही बोलत."

मग काय, बोलावणी सुरू झाली. एकदा जवळच्या जुनवानी गावाहून निरोप आला. तिथल्या एका आजीबाईंनी अंथरूण धरलं होतं, भेटायला या म्हणून. मी पदर खोचून तयार.

यजमान पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "तुला तर अजून शंका आहेत ना?"

"आहेत," मी म्हटलं. "तुम्ही स्कूटर काढा."