ठेकेदाराच्या नावेत मी बसलो नाही

यंदाच्या उन्हाळ्यात अमरावतीचा एक पत्रकार मूर्तिजापूरकडच्या आमच्या तलावावर आला. बेसुमार मासेमारी आणि समुद्रकाठची माणसं यांवर लिहायला कोण्या संस्थेनं त्याला पैसे दिले होते. आमच्याकडे समुद्र कुठला? पण हा पोरगा संस्थेवाल्यांशी भांडला, तलावालाही काठ असतो म्हणाला, आणि त्यांनी मानलं. तेवढ्यावर मीही त्याला मानलं.

आम्ही भोई. पावसाळा लागला की मासळीच्या पोटात अंडी असतात, तेव्हा आमची जाळी घरात टांगलेली. तलावाचा ठेका घेतलेला माणूस मात्र भर आखाडात बारीक जाळं ओढतो. बोटाएवढं पिल्लूही सुटत नाही. अजून एक पावसाळा असा गेला तर तलावात नुसतं पाणी उरेल. हे सगळं मी सांगितलं, त्यानं लिहून घेतलं, आणि मग फोटो काढायला उठला.

“बाबा, तुमची नाव कुठी हाये?”

“कायची नाव? हे हाये.” मी थर्माकोलचा ठोकळा दाखवला. त्यावर बसायचं, पाय पाण्यात सोडायचे, हातानं पाणी मागं सारायचं. आमच्याकडे सगळे असेच मासे धरतात.

त्याचं तोंड उतरलं. “पैसे देणाऱ्याइले फोटोत नाव पाहिजे, बाबा.”

गेला आणि नाव घेऊन आला शहाणा. कोणाची? ठेकेदाराची! मागून आणली.

“बसा, पाच मिनिटाचं काम हाये.”

“ज्याच्या नावानं बोंबलून राहिलो, त्याच्याच नावेत बसू? डोक्यात भुसा भरला काय तुह्या?”

बायको काठावरून ओरडली, “अवो, बसा ना! बातमी तं येईन! तुमाले काय नवरदेव करून राहिले काय?”

नाही बसलो. धाकटा भाऊ बसला. वरून हसला.

बातमी छापून आली. मजकूर खरा, माझ्याच तोंडचा. पण मजकूर वाचतो कोण? बारीक जाळं बंद करा म्हणून आम्ही मासेमारी खात्याच्या साहेबाकडे अर्ज दिला होता. ठेकेदारानं फोटो त्याच साहेबापुढे धरला. साहेब मला म्हणाले, “तुमचेच लोक त्यांच्या नावेत मजेत बसतात. मग तक्रार कशाची?” आमचा अर्ज तिथंच मेला.

घरी येऊन भावावर तुटून पडलो. तो म्हणाला, “तुमी बसत नव्हते म्हून मी बसलो, दादा. त्यानं हसा म्हटलं, मी हसलो.” यावर माणसानं काय करावं?

मग पत्रकाराला फोन लावला. “दुसरी बातमी लिही. नाव कोणाची व्हती थे लिही.”

“लिहिली असती बाबा, पण पैसे सरले. पुन्हा मागतले हायेत. मंजूर झाले का येतो.”

“अन् मासोळीले काय सांगू? अंडी धरून ठेव बाई, मंजुरी अजून यायची हाये?”



आता आखाड लागला आहे. बारीक जाळं पाण्यात पडलं आहे. मी चौथीत शाळा सोडली, अक्षर वाकडं आहे, तरी कोणाच्या पैशाची वाट न पाहता लिहितो: ती नाव ठेकेदाराची होती, फोटोपुरती मागून आणली होती, आणि आमची तक्रार कायम आहे.